मांडीवर एक, बोटाला एक: लहान मुलांना घेऊन पुण्याहून न्यू जर्सीला जाताना

मुंबई ते न्यूअर्क थेट विमानाच्या तिकिटावर साधारण सोळा तास लिहिलेले असतात. पुण्यातल्या घराला हा आकडा फसवतो. टर्मिनल २ पर्यंत चार तास, घाटात कोंडी असली तर पाच. विमानतळावर तीन. उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंतची गाडी धरून आणखी तीन. दाराला कुलूप लावल्यापासून मूल पलीकडच्या पलंगावर टेकेपर्यंत सव्वीस तास होतात, आणि मध्ये एक थांबा असेल तर तीसच्या पुढे.

ही बेरीज आधी करा, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नावर घ्यायचा आहे: या सव्वीस तासांत कोण कधी झोपणार? खाऊ, खेळणी, डायपर यांच्या याद्या कुठेही मिळतात. पण बहुतेकांचा प्रवास फिसकटतो तो काही विसरल्यामुळे नाही. आई आणि बाबा दोघंही सबंध वेळ जागे राहतात, आणि उतरेपर्यंत एकमेकांवर खेकसायला लागलेले असतात. दोन मोठी माणसं असतील तर त्यातल्या एकाने कायम सुट्टीवर असलं पाहिजे.

तिकीट काढताना

दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर नेता येतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं साधारण मोठ्यांच्या दहा टक्के, वर कर. एका मोठ्या माणसामागे मांडीवरचं एकच मूल चालतं; जुळी असतील आणि आई एकटी असेल तर दुसऱ्यासाठी सीट घ्यावीच लागते. वाढदिवसही बघा. जाताना तेवीस महिन्यांचं असलेलं मूल परतताना दोन पूर्ण झालेलं असेल, तर परतीला त्याची स्वतःची सीट हवी. हे ऐनवेळी काउंटरवर कळलं तर त्या दिवशीच्या भावाने तिकीट घ्यावं लागतं.

थेट विमान की थांबा? पैसे परवडत असतील तर थेट. झोपलेलं मूल उचलून, बॅगा गोळा करून पुन्हा सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा सोळा तास एकाच जागी बरे. थांबा घ्यायचाच असेल तर तो कुठे येतो ते बघा. आखातातून जाणारी बरीचशी विमानं मुंबईहून पहाटे तीन-चारला सुटतात. दुबईपर्यंतचा पल्ला तीन-साडेतीन तासांचा. मुलाचा डोळा लागतो न लागतो तोच दिवे लागतात, खाणं येतं आणि उतरायची घोषणा होते. रात्र तिथेच मोडते, आणि पुढचे चौदा तास चिडलेल्या मुलासोबत काढायचे. त्यामानाने लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे जाताना प्रवास जवळपास सारखा विभागला जातो: नऊ तास, मग पुन्हा आठ-नऊ. पहिला टप्पा रात्रीचा मिळाला तर मुलं त्यात सलग झोपतात आणि दुसऱ्या टप्प्यात दिवस असतो. भाडं थोडं जास्त पडलं तरी मी हाच मार्ग सुचवेन.

थांबा तीन तासांच्या आसपासचा असावा. दीड तासात स्ट्रोलर, दोन मुलं आणि चार बॅगा घेऊन धावताना हाल होतात. सहा तासांच्या वर गेलं की मुलं खुर्चीवर वेडीवाकडी झोपतात आणि पुढच्या विमानात टक्क जागी. अबू धाबीची गोष्ट वेगळी आहे: अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच, विमानात चढण्याआधी होतं. पलीकडे उतरल्यावर रांग लागत नाही, मुलांसाठी हे फार सोयीचं. पण त्या तपासणीला वेळ लागतो, म्हणून तिथे तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नये.

दोन वेगवेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवायचा मोह मुलांबरोबर टाळा. पहिल्या विमानाला उशीर झाला तर एकाच बुकिंगवर पुढची सोय विमान कंपनी करते. वेगळ्या तिकिटांवर मुलांना घेऊन तुम्हीच काउंटर शोधत फिरता. युरोपमार्गे जात असाल तर भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं तपासा. आईकडे अमेरिकेचा व्हिसा, मूल अमेरिकन नागरिक आणि सोबतच्या आजीकडे भारतीय पासपोर्ट, अशा घरात तिघांना तीन नियम लागू शकतात.

कागदपत्रं

तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. भारतात अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर पासपोर्ट सेवा केंद्रात पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घरूनच न्यावा लागतो. तो काढण्यात अर्धा दिवस मोडतो, कारण स्टुडिओत बाळ नेमकं डोळे मिटतं.

अमेरिकेत जन्मलेलं मूल पहिल्यांदा आजोळी येणार असेल तर त्याला भारतात यायला व्हिसा किंवा ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड, लागतं. आईबाबा भारतीय असल्याने हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. ओसीआय आधीच असेल आणि मुलाचा नवा पासपोर्ट निघाला असेल, तर वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक वेळी नवा पासपोर्ट आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो.

आई किंवा बाबा एकटेच मुलाला नेत असतील, किंवा आजी-आजोबा नेत असतील, तर न येणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र इंग्रजीत करून घ्या. सोबत जन्मदाखल्याची प्रत ठेवा. आईचं आडनाव वेगळं असेल तर ती हवीच.

जागा निवडताना

बाळाचा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, विभागाच्या पुढच्या भिंतीला अडकवतात. पाळणे मोजकेच असतात, त्यामुळे तिकीट काढलं की त्याच दिवशी फोन करून मागणी नोंदवा आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा खात्री करा. वजनाची मर्यादा कंपनीगणिक बदलते, साधारण दहा ते चौदा किलोंच्या दरम्यान. गुटगुटीत दहा महिन्यांचं बाळ त्यात मावेलच असं नाही.

दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला पाळण्यातून उचलावं लागतं, गाढ झोपलेलं असलं तरी. आणि भिंतीजवळच्या रांगेत खुर्च्यांमधले हात वर होत नाहीत, कारण ट्रे त्यांतच असतो. म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलाला तिथे आडवं होता येत नाही. बाळ पाळण्यात मावणार असेल तरच ती रांग घ्या. नाहीतर हात वर होणारी साधी रांग घ्या, म्हणजे मोठं मूल आईच्या मांडीवर डोकं टेकून पाय पसरू शकतं.

रांगेची रचनाही बघा. बोइंग ७७७ मध्ये बहुतेक कंपन्यांकडे तीन-चार-तीन अशा जागा असतात, ७८७ मध्ये तीन-तीन-तीन. चौघांच्या घराला ७७७ च्या मधल्या चार जागा उत्तम. तिघांना खिडकीकडच्या तीन. मांडीवर बाळ आणि मोठ्याची स्वतःची सीट असेल, तर मोठ्याला एका पालकाजवळ आणि दुसऱ्या पालकाला पॅसेजच्या पलीकडे बसवून बघा. ज्याची मुलांकडे बघायची पाळी नाही त्याला खरीच झोप लागते.

केबिनमधली बॅग

पायाशी ठेवायची बॅग आणि वरच्या कप्प्यातली बॅग असे दोन भाग करा. वरची एकदा ठेवली की जेवणाच्या गाड्या फिरताना किंवा मूल मांडीवर झोपलेलं असताना तिला हात लावता येत नाही.

डायपरची एक मोठी थैली नेऊ नका. झिप लावायच्या प्लास्टिकच्या पिशव्या घ्या आणि प्रत्येकीत एक डायपर, चार-पाच वाइप्स आणि घाणीसाठी एक रिकामी पिशवी भरा. विमानातल्या संडासात एका हाताने बाळ धरलेलं असतं आणि उरलेल्या जागेत कोपरही हलत नाही. तिथे बॅग उघडून शोधाशोध करायला जागाच नसते. एक पिशवी उचलली की काम झालं. दर दोन-अडीच तासांना एक असा हिशोब घरापासून घरापर्यंत करा आणि वर चार जास्त ठेवा. प्रत्येक मुलाचे दोन जोड कपडे, आणि तुमच्यासाठीही एक टी-शर्ट. उलटी मुलाच्या कपड्यांवर थोडी आणि उचलणाऱ्याच्या अंगावर जास्त होते.

शंभर मिलीपेक्षा जास्त द्रव न्यायची बंदी बाळाच्या दुधाला, फॉर्म्युल्याला आणि पेजेला प्रवासापुरती शिथिल असते. पण ते सगळं वेगळं काढून दाखवा, मागण्याची वाट बघू नका. थर्मास रिकामा न्या आणि तपासणीनंतर गरम पाणी भरून घ्या. फॉर्म्युल्यासाठी विमानातल्या नळाचं पाणी वापरू नका, बाटलीबंद मागा.

अमेरिकेच्या विमानात पावडरीचाही नियम आहे. ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर केबिनमध्ये असेल तर तिची वेगळी तपासणी होते आणि शंका आली तर ती काढून घेतात. बाळाच्या दुधाच्या पावडरीला यातून सूट आहे. मेतकूट, नाचणी सत्त्व, सातूचं पीठ यांना नाही. त्यामुळे केबिनमध्ये एका जेवणापुरती पुडी, बाकीचं चेक-इनमध्ये. तिखट-मसाले केबिनमध्ये नकोतच. साजूक तूप, लोणचं आणि मुरांबा द्रवातच धरतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर चेक-इनमध्येही चालत नाहीत, कारण तेलामुळे त्या ज्वलनशील मालात मोडतात. आजीने प्रेमाने भरून दिलेली पिशवी घरीच एकदा तपासा.

खाऊ कोरडा आणि चुरा न होणारा हवा. दशम्या याबाबतीत नंबर एक: दुधात भिजवलेल्या, मऊ राहणाऱ्या, गुळाबरोबर गार खाल्ल्या तरी चालणाऱ्या. गूळपोळी गळते, चकलीचा चुरा होतो. राजगिऱ्याचे लाडू चालतात. शेंगदाण्याची चिक्की नको, शेजारच्या मुलाला ॲलर्जी असू शकते. पोह्यांचं किंवा उपम्याचं कोरडं मिश्रण डब्यात नेलं तर गरम पाणी क्रूकडून मिळतं. मुलांचं जेवण निदान २४ तास आधी नोंदवावं लागतं. ते मोठ्यांच्या आधी येतं, हा त्याचा खरा फायदा. चवीची फार आशा नको.

औषधांत पॅरासिटामॉल, सलाइनचे नाकातले थेंब, ओआरएस आणि थर्मामीटर. पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहाटे तीनला विमानात हिशोब होत नाही. पॉवर बँक केबिनच्याच बॅगेत ठेवायची असते, आणि बऱ्याच कंपन्या विमानात ती वापरू देत नाहीत. म्हणून टॅब घरून पूर्ण चार्ज करून, गोष्टी डाउनलोड करून न्या. हेडफोन वायरचा न्या, समोरच्या पडद्याला ब्लूटूथ बहुतेकदा जोडता येत नाही.

खेळणी थोडी आणि नवी. स्टिकरची पुस्तकं, रंगीत कागदी टेप, छोटी गाडी. प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळून दर तासा-दोन तासांनी एक काढा. आवाज करणारी आणि चेंडूसारखी घरंगळणारी खेळणी घरी.

निघायचा दिवस

दुपारी मुलांना झोपवू नका. घाटाआधी हलकं खायला द्या, दूध नको, आणि गाडीत उलटीची पिशवी हाताशी ठेवा. स्ट्रोलर बहुतेक कंपन्या विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात. चेक-इनच्या वेळी तो थांब्याच्या ठिकाणी दारातच परत मिळेल की थेट न्यूअर्कला, हे विचारा आणि टॅगवर तसं लिहून घ्या. थेट जाणार असेल तर मधल्या विमानतळावर झोपलेलं मूल कडेवर असणार, मग पोटाला बांधायचा कॅरियर हवाच.

सुरक्षा तपासणीत स्ट्रोलर घडी करून मशीनमध्ये जातो, म्हणून खालच्या जाळीत काही ठेवू नका. आधी एकाने मोठ्याला घेऊन पलीकडे जावं, दुसऱ्याने बाळ आणि ट्रे सांभाळावे. लहान मुलं असणाऱ्यांना आधी विमानात चढायला बोलावतात. एकाने सामान घेऊन लगेच जागा लावावी आणि दुसऱ्याने मुलांना शेवटच्या घोषणेपर्यंत गेटजवळ पळू द्यावं. बंद विमानात जादा पाऊण तास बसवून काही मिळत नाही.

आई एकटीच दोन मुलांना नेत असेल तर आळीपाळीने झोपायचा सगळा विचार कोलमडतो. तेव्हा विमान कंपनीकडे विमानतळावरच्या मदतनिसाची सोय आधी नोंदवा. आणि शक्य असेल तर त्याच विमानाने जाणारं ओळखीचं घर शोधा. सुट्ट्यांच्या हंगामात मराठी मंडळांच्या गटांत विचारलं तर कुणीतरी निघतंच.

विमानात

विमानातला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीइतका असतो, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्याही वर. म्हणून बिस्किटाचे पुडे फुगतात. आणि म्हणूनच स्ट्रॉची बाटली उघडली की दूध कारंज्यासारखं छताकडे उडतं. उघडण्याआधी झाकण अर्धं फिरवून हवा सोडा, बाटलीवर रुमाल धरा.

कान चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतात. गिळण्याने कानाची नळी उघडते. त्यामुळे उतरायला अर्धा-पाऊण तास असताना बाळाला अंगावर किंवा बाटलीने पाजा, मोठ्याला पाणी किंवा चघळायला खाऊ द्या. त्याआधी पाजून पोट भरलेलं असेल तर नेमक्या वेळी ते प्यायला तयार होत नाही. सर्दी किंवा कानदुखी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना कान दाखवा.

आता पाळ्या. विमान वर गेलं आणि पहिलं जेवण झालं की घड्याळ लावा: तीन तास एकाचे, तीन तास दुसऱ्याचे. ज्याची सुट्टी आहे त्याने कानात बोळे घालून डोळ्यांवर पट्टी बांधायची, मूल रडलं तरी उठायचं नाही. मुलं झोपलेली असतील तेव्हा दोघांनी मिळून सिनेमा बघायचा मोह होतो, तो आवरा. मुलांच्या झोपेतच पाळीवाल्याचीही डुलकी होऊन जाते. दर पाळीत एकदा मुलाला मागच्या भागापर्यंत चालवून आणा.

झोपायला तयार नसलेल्या मुलाला झोपेचं म्हणून सर्दीचं औषध देऊ नका. काही मुलं त्याने उलट जास्त चेकाळतात, आणि मात्रा चुकली तर श्वासाला धोका. त्यापेक्षा घरचा क्रम तसाच पाळा: कपडे बदलणं, दात घासणं, रोजची गोष्ट, घरची चादर. चादर धुतलेली नको, घरचा वास असलेली हवी.

मूल खाली जमिनीवर झोपवू देत नाहीत. ऑक्सिजनचा मास्क तिथवर पोहोचत नाही आणि हादरे बसले तर पट्टाही नसतो. फुगवून पाय पसरायच्या गाद्या काही कंपन्या चालवून घेतात, काही नाही. विकत घेण्याआधी विचारा. मांडीवर बाळ असताना गरम चहा-कॉफी घेऊ नका. चहा पाळी संपल्यावर.

रडण्याबद्दल फार ओशाळं होऊ नका. शेजाऱ्यांना चॉकलेटं वाटायची नवी फॅशन मला पटत नाही. मूल रडतंय आणि तुम्ही काहीतरी करताय एवढं दिसलं तरी बहुतेक लोक समजून घेतात. मात्र समोरच्या सीटला लाथा बसत असतील तर लगेच थांबवा, त्यावरून मात्र भांडणं होतात.

उतरल्यावर

फळं, घरून आणलेलं मांसाहारी काही उरलं असेल तर ते विमानातच संपवा किंवा टाका. अमेरिकेत ताजी फळं-भाज्या आणि मांस नेता येत नाहीत. बाकीचं खाणं विचारल्यावर सरळ सांगा. लपवलेलं सापडलं तर दंड होतो, सांगितलेलं अडलं तर फक्त काढून घेतात.

विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला कारसीटचं आधीच सांगा. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत लहान मुलांसाठी ती बंधनकारक आहे. मांडीवर घेऊन निघता येत नाही.

न्यू जर्सी पुण्याच्या मागे, उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं, त्यामुळे आठवडा तरी लागणार. मुलं रात्री दोनला उठून जेवण मागतील, कारण तेव्हा पुण्यात दुपारचं जेवण असतं. फ्रीजमध्ये वरणभाताचा डबा तयार ठेवा, दिवे मंद ठेवून खायला घाला, टीव्ही लावू नका. सकाळी उजेडात बाहेर न्या, दुपारची झोप दीड तासावर मोडा. इथेही पाळ्या चालू ठेवा: एक रात्र एकाची, दुसरी दुसऱ्याची.

परत येताना उलटं होतं, आणि पूर्वेकडचा प्रवास जास्त जड जातो. पुण्यात मुलं रात्री तीनपर्यंत जागतील आणि दुपारी बारापर्यंत झोपतील. आजी म्हणेल, "अगं, प्रवासाचा शीण आहे, झोपू दे की त्याला." तिला निघण्याआधी फोनवरच सांगून ठेवा की नऊला पडदे उघडायचे आणि मूल कुरकुरलं तरी उठवायचं. पहिले चार दिवस पाहुणे, मुंज, बारसं, कुलदैवताचं दर्शन यातलं काही ठेवू नका. जेजुरी पाचव्या दिवशी, सकाळी लवकर, ऊन तापण्याआधी.